वळू एक, गाई शंभर

सांगोल्याच्या रविवारच्या जनावर बाजारात खिल्लार खोंडाचा सौदा चालू असताना नुसतं बाजूला उभं राहून ऐकावं. शिंगं मुळापाशी कशी फुटलीत, कातडं अंगाला किती घट्ट आहे, खूर काळे की फिकट, शेपटीचा गोंडा कुठवर उतरलाय, चाल कशी आहे, सगळी तपासणी दोन मिनिटांत उरकते. म्हशींच्या रांगेत गेलं की कास, सड, दुधाची शीर बघितली जाते आणि मग ठरलेला प्रश्न येतो: "हिची आई किती लिटरची होती?"

ही नजर थट्टेवारी नेण्यासारखी नाही. माणदेशातली खिल्लार याच नजरेने घडली. पंढरपुरी म्हशीची तलवारीसारखी लांब शिंगं, उस्मानाबादी शेळीचा काळा रंग आणि जुळी करडं, चाऱ्यासाठी कोसकोस चालणारी दख्खनी मेंढी, या सगळ्यांमागे पिढ्यानपिढ्या कुणीतरी "हा ठेवू, तो विकू" म्हणत आलेलं आहे. अडचण एवढीच की ही नजर एका वेळी एकच जनावर बघते. पुढची पिढी कशी निघणार हे एका जनावरावर फार थोडं ठरतं. सगळ्या कळपात कोणती जनुकं किती प्रमाणात आहेत आणि त्यातली कोणती पुढे जातायत, यावर ते ठरतं. या प्रमाणांचा हिशेब ठेवणाऱ्या शाखेला पॉप्युलेशन जेनेटिक्स म्हणतात. नाव भारदस्त असलं तरी पैदाशीपुरती लागणारी आकडेमोड बेरीज, गुणाकार, भागाकाराच्या पुढे फारशी जात नाही.

पाया थोडक्यात. प्रत्येक जनावराकडे बहुतेक सगळ्या जनुकांच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. पुढच्या पिढीला त्यातली एकच जाते, आणि कोणती जाईल हा निव्वळ नशिबाचा भाग. म्हणून एकाच वळूपासून एकाच गाईला झालेली दोन वासरंही सारखी नसतात. पुष्कळदा एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी काम भागवून नेते. जनावर धडधाकट दिसतं, वाढतं, विकलं जातं, पण बिघडलेली प्रत त्याच्याकडे असतेच. अशा जनावराला वाहक म्हणतात. बाजारातल्या कितीही मुरलेल्या माणसाला वाहक नुसता बघून ओळखता येत नाही.

हार्डीचं टिपण

रामानुजनमुळे केंब्रिजचे गणितज्ञ जी. एच. हार्डी यांचं नाव आपल्याकडे पुष्कळांना माहीत आहे. रामानुजनचं पहिलं पत्र त्याला 1913 साली मिळालं. त्याच्या पाच वर्षं आधी, 1908 मध्ये, त्याचा क्रिकेटचा सोबती आणि जनुकशास्त्रज्ञ रेजिनाल्ड पनेट एक शंका घेऊन आला होता. प्रभावी गुण जर अप्रभावी गुणाला झाकून टाकतो, तर काही पिढ्यांनी सगळीकडे प्रभावी गुणच का दिसू लागत नाही? हार्डीने छोटंसं टिपण लिहून दाखवून दिलं की तसं व्हायचं काही कारणच नाही. कळप मोठा असेल, जोड्या आपसूक जुळत असतील, कुणी निवड करत नसेल, नवे बदल होत नसतील आणि बाहेरून भर पडत नसेल, तर प्रमाणं पिढ्यानपिढ्या होती तशीच राहतात. स्टुटगार्टचा डॉक्टर विल्हेल्म वाइनबर्ग याने त्याच वर्षी, हार्डीच्याही थोडं आधी, हेच सांगितलं होतं. म्हणून नियमाला दोघांचं नाव आहे. आपल्या गणिताचा व्यवहारात काही उपयोग नाही याचा अभिमान बाळगणाऱ्या हार्डीचं हे टिपण आज वीर्यकेंद्रांत रोज कामाला येतं, ही गंमतच.

कसं ते होल्स्टीन फ्रिजियन, म्हणजे आपल्या एचएफ गाईतल्या एका रोगावरून बघू. त्याचं नाव ब्लॅड. यात रक्तातल्या पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीबाहेर पडून जखमेपर्यंत पोचता येत नाही. वासराला पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होतो, हगवण लागते, तोंडात व्रण पडतात, जखमा भरत नाहीत, आणि बहुतेक वासरं वर्षाच्या आतबाहेर दगावतात. दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तरच हा रोग होतो. 1990 च्या सुमारास अमेरिकेत रेतनासाठी वापरल्या जाणाऱ्या एचएफ वळूंची तपासणी झाली तेव्हा सुमारे 14 टक्के वळू वाहक निघाले.

शंभरात 14 वाहक, आणि प्रत्येकाच्या निम्म्या शुक्राणूंत बिघडलेली प्रत. म्हणजे एकूण शुक्राणूंपैकी 7 टक्क्यांत दोष. गाईंकडूनही तेवढाच येतो असं धरलं तर दोन्ही बाजूंनी दोष मिळण्याची शक्यता 7 टक्क्यांचे 7 टक्के, म्हणजे जेमतेम अर्धा टक्का. दोनशे वासरांत एक. दोनशेत एक वासरू गेलं तर कोण लक्ष देतं? गारठा लागला म्हणायचं आणि पुढच्या कामाला लागायचं. पण त्याच दोनशे वासरांत 26 वाहक असतात, तुकतुकीत अंगाची, नाव ठेवायला जागा नाही अशी.

समजा रोगी वासरं मरतात तेवढ्यावरच भिस्त ठेवली. दोषाचं प्रमाण निम्म्यावर यायला किती काळ लागेल? याचं गणित फार सोपं आहे: 1 भागिले 0.07, म्हणजे सुमारे चौदा पिढ्या. गाईची पिढी पाच वर्षांची धरली तर सत्तर वर्षं. दोष दुर्मिळ होत जातो तसा तो आणखी चिवट होतो, कारण उरलेल्या जवळजवळ सगळ्या प्रती वाहकांच्या आडोशाला सुरक्षित असतात. "वाईट जनावर काढून टाकलं की कळप स्वच्छ होतो" ही समजूत इथे कोलमडते. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला बिघाडाची नेमकी जागा सापडली आणि रक्ताच्या थेंबावरून वाहक ओळखता येऊ लागला. गाईंना हात न लावता नुसते वाहक वळू बाद केले, तरी वासरांना बापाकडून स्वच्छ प्रत मिळते. रोगी वासरू एकही नाही आणि दोषाचं प्रमाण एका पिढीत निम्मं. आपल्या वीर्यकेंद्रांतही वळू घेताना ब्लॅडसह काही आनुवंशिक दोषांची तपासणी ठरवून दिलेली आहे. गावात मोकाट फिरणाऱ्या संकरित वळूची मात्र ती कुणी केलेली नसते.

दुष्काळ काय घेऊन जातो

हार्डीच्या अटी खऱ्या गोठ्यात कुठेच पाळल्या जात नाहीत. माणूस निवड करतो, बाहेरचं रक्त येतं, जनुकांत नवे बदलही होतात, पण ते इतक्या सावकाश की पैदाशीच्या हिशेबात सोडून दिले तरी चालतात. सोलापूर जिल्ह्यासाठी मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती कळपाच्या आकाराची अट.

1972 चा दुष्काळ घ्या किंवा अलीकडे 2018-19 मध्ये सांगोला, मंगळवेढ्याकडे पडलेल्या चारा छावण्यांचे दिवस घ्या. दावणी रिकाम्या होतात, मिळेल त्या भावात जनावरं विकली जातात, आणि पाऊस आल्यावर उरलेल्या थोड्या जनावरांतून कळप पुन्हा उभा राहतो. डोकी मोजली तर भरून निघालेली दिसतात. जनुकांचं मात्र तसं नसतं. मालदांडीच्या पोत्यात शंभरामागे दोन दाणे दगडी ज्वारीचे मिसळलेत असं समजा. त्यातून वीसच दाणे बियाण्याला काढले तर दगडीचा एकही दाणा हाती न लागण्याची शक्यता तीनात दोन आहे. दहा जनावरं उरणं म्हणजे प्रत्येक जनुकाच्या वीस प्रती उरणं. कळपात दोन टक्के असलेली एखादी जनुकप्रत, कदाचित उन्हाचा तडाखा सोसणारी, कदाचित गोचिडाला दाद न देणारी, अशी नकळत निघून जाते. ती निरुपयोगी होती म्हणून जात नाही, नुसत्या योगायोगाने जाते. शास्त्रात याला जेनेटिक ड्रिफ्ट म्हणतात.

पण यातलीच दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही. पाच नर आणि पाच माद्या उरल्या तरी कळपातलं एकूण वैविध्य एका पिढीत फक्त 5 टक्के घटतं. दुर्मिळ प्रती जातात, सर्वसाधारण बहुतेक टिकतात. पुढच्या पाऊसकाळात कळप लवकर वाढला तर नुकसान तेवढ्यावर थांबतं. तो दहा पिढ्या दहाच राहिला तर मात्र 40 टक्के वैविध्य संपतं. एका वाईट वर्षापेक्षा बरीच वर्षं लहान राहिलेला कळप जास्त धोक्यात असतो.

शंभर गाई, पण खरा कळप चारांचा

कळप लहान राहण्यासाठी जनावरं कमी असावीच लागतात असंही नाही. गावात शंभर खिल्लार गाई आहेत आणि सगळ्यांना एकच वळू आहे, असं धरा. अमेरिकेतल्या स्यूअल राइट या जनुकशास्त्रज्ञाने याचा हिशेब मांडून ठेवला आहे. नरांची संख्या गुणिले माद्यांची संख्या गुणिले चार, भागिले एकूण डोकी. इथे 4 गुणिले 1 गुणिले 100, भागिले 101. उत्तर येतं 3.96. शंभर गाईंचा हा कळप वैविध्य टिकवण्याच्या दृष्टीने चार जनावरांच्या कळपाइतकाच आहे! गाई वाढवून दोनशे केल्या तर 3.98. काही फरक नाही. त्याऐवजी गाई शंभरच ठेवून वळू दोन केले तर आकडा जवळपास दुप्पट, 7.84. या आकड्याला परिणामकारक संख्या म्हणतात, आणि ती नेहमी कमी असलेल्या बाजूने ठरते. निम्मी जनुकं वळूकडून येतात, मग वळू एक असो की वीस.

परिणाम असा की गावातली सगळी वासरं एकमेकांची सावत्र भावंडं होतात. ती आपसांत जुळली तर होणाऱ्या वासरात, एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता साडेबारा टक्के. बाप आणि लेक असा संबंध आला तर 25 टक्के. हे आकडे माणसांनाही तसेच लागू आहेत. मामाच्या मुलीशी लग्न झालं तर होणाऱ्या मुलात ही शक्यता सव्वासहा टक्के, मामा-भाचीच्या लग्नात साडेबारा. आपल्या भागात दोन्ही प्रकार अनोळखी नाहीत. गोठ्यात मात्र आपण याहून जवळची नाती कुणाला न विचारता जुळवत असतो.

दोन्ही प्रती सारख्या निघण्यात तोटा काय, हे ब्लॅडच्या उदाहरणातून कळलंच असेल. लपून बसलेले दोष उघडे पडतात. मोठा रोगच होतो असं नाही. गाय उशिरा माजावर येते, दोनतीनदा भरवूनही राहत नाही, वासरू अशक्त निघतं, दूध थोडं उतरतं. प्रत्येक तक्रार सुटी बघितली तर कारण खुराकात किंवा हवेत सापडतं, म्हणून खरं कारण वर्षानुवर्षं दिसत नाही.

कृत्रिम रेतनाची कांडी, म्हणजे वळूचं गोठवलेलं वीर्य भरलेली नळी, आल्यावर हा प्रश्न सुटला असं वाटेल. प्रत्यक्षात तो जगभर पसरला. अमेरिकेत 1962 साली जन्मलेल्या पॉनी फार्म आर्लिंडा चीफ या एचएफ वळूच्या 16,000 हून अधिक मुली झाल्या. आजच्या एचएफ वळूंची पितृवंशावळ मागे नेली तर जवळजवळ सगळे चीफ आणि एलिव्हेशन या दोनच वळूंपाशी पोचतात. चीफकडे एक लपलेला दोष होता. त्याच्या दोन प्रती एकत्र आल्या की गर्भ पोटातच मरतो. त्यापायी जगभरात सुमारे पाच लाख गर्भ गेले असा अंदाज पुढे शास्त्रज्ञांनी काढला. तरीही त्याच्या वंशाने वाढवलेल्या दुधाची किंमत या नुकसानीच्या कितीतरी पट आहे, हेही त्यांनीच दाखवलं. चांगला वळू आणि घातक वळू अशी सरळ विभागणी इथे करता येत नाही. जगात एचएफ गाई कोट्यवधी आहेत आणि त्यांची परिणामकारक संख्या मात्र शंभराच्या आत भरते.

आई किती लिटरची?

ब्लॅडसारखा दोष एका जनुकाचा असतो. दुधाचं तसं नाही. दूध, वजन, उंची, लोकर यांवर शेकडो-हजारो जनुकांचा थोडाथोडा परिणाम असतो आणि वर चारा, पाणी, ऊन, गोठा, धार काढणाऱ्याचा हात. इतकी जनुकं एकेक करून मोजता येत नाहीत. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरने 1918 मध्ये त्यावर वाट काढली. जनुकं मोजायची नाहीत, नातेवाइकांमधलं साम्य मोजायचं. पुढे अमेरिकेत आयोवातल्या जे. एल. लश या पशुपैदास शास्त्रज्ञाने हे गोठ्यापर्यंत आणलं.

इथला कळीचा आकडा म्हणजे हेरिटॅबिलिटी. एकाच कळपातल्या गाईंमध्ये दुधाचा जो फरक दिसतो, त्यातला किती वाटा वारशाने पुढे जाणारा आहे, हे तो सांगतो. दुधाच्या प्रमाणाला हा वाटा साधारण 25 ते 30 टक्के असतो, फॅटच्या टक्केवारीला 50 च्या आसपास, आणि दोन वेतांमधल्या अंतराला 10 टक्क्यांच्याही आत. याचा अर्थ गाईच्या चार लिटरमधला एक लिटर जनुकांचा, असा नव्हे. हा आकडा कळपातल्या फरकाबद्दल बोलतो, एका गाईबद्दल नाही. चारापाण्याची तऱ्हा बदलली की तोही बदलतो.

आता बाजारातल्या त्या प्रश्नाकडे. समजा एका संकरित कळपाची सरासरी वेताला 2,000 लिटर आहे आणि त्यातली एक गाय 4,000 देते. तिचा खोंड वळू म्हणून ठेवला. त्याच्या मुलींना किती जास्त दूध येईल? गाईचा फायदा 2,000 लिटरचा. त्यातला वारशाचा भाग 25 टक्के, म्हणजे 500. खोंडाला त्यातला निम्मा, 250. खोंडाच्या मुलीला पुन्हा निम्मा, 125. आजीने कळपापेक्षा दोन हजार लिटर जास्त दिलं आणि नातीच्या वाट्याला सव्वाशे लिटर आलं. कांडीच्या पत्रकावर ठळक छापलेला "आईचं दूध" हा आकडा बघून जे पैसे मोजले जातात, त्यांची किंमत यावरून ताडून बघावी. तो आकडा खोटा असतो असं माझं म्हणणं नाही. वळूबद्दल तो फार थोडं सांगतो, एवढंच.

मग वळू ओळखायचा कसा? तो स्वतः दूध देत नाही. त्याच्या मुलींचं दूध मोजायचं, हाच भरवशाचा मार्ग. पण किती मुलींचं? पाच मुली आपापल्या गोठ्यातल्या बरोबरीच्या गाईंपेक्षा सरासरी 200 लिटर जास्त देतात असं दिसलं, तर पुढच्या मुलींकडून साधारण 50 लिटरचीच अपेक्षा धरावी. बाकीचा फायदा योगायोगाचा असण्याची शक्यता जास्त. तोच 200 चा आकडा वेगवेगळ्या गोठ्यांतल्या पन्नास मुलींवरून आला असेल, तर अपेक्षा दीडशेच्या पुढे जाते. इथे "वेगवेगळ्या गोठ्यांतल्या" हे शब्द महत्त्वाचे. सगळ्या मुली एकाच पैसेवाल्या गोठ्यात असतील तर आपण वळू मोजत नसून त्या मालकाची पेंड मोजत असतो.

या पद्धतीला वेळ लागतो. वळू वयात येणार, त्याच्या मुली जन्मणार, वाढणार, विणार, मग धार मोजली जाणार. पाच-सहा वर्षं सहज जातात. 2001 मध्ये म्यूविसन, हेज आणि गोडार्ड या शास्त्रज्ञांनी सुचवलं की हजारो जनुकखुणा एकदम वाचून, दुधाची नोंद असलेल्या जनावरांशी ताडून, वासराची गुणवत्ता जन्मतःच अजमावता येईल. अमेरिकेत 2009 पासून ते रुळलं. आपल्याकडे देशी गाई आणि म्हशींसाठी गौचिप आणि महिषचिप या खुणा वाचणाऱ्या चिपा 5 ऑक्टोबर 2024 रोजी वाशीम इथे पंतप्रधानांच्या हस्ते सादर झाल्या. पण चिप कितीही चांगली असली तरी तिला ताडून बघायला नोंदी लागतात. पंढरपुरी म्हशीच्या बाबतीत घरोघरच्या धारा नियमित मोजल्या गेल्या नाहीत तर चिप वाचेल, पण वाचलेल्याचा अर्थ लागणार नाही.

आणखी एक अडचण. जनुकं एकाच कामापुरती नसतात. दुधासाठी कडक निवड केली की गर्भधारणा हळूहळू मागे पडते, हा एचएफचा जगभरचा अनुभव आहे. मुलींच्या दुधाबरोबर त्या किती वेळा भरवल्यावर गाभण राहिल्या हे लिहून ठेवलं नाही, तर हा तोटा फार उशिरा कळतो.

संकर पहिल्या पिढीत का चमकतो

खेड्यात रंग कोणताही असो, संकरित गाय म्हटलं की "जर्सी". तिची पहिली पिढी देशी आईपेक्षा कितीतरी पट दूध देते आणि उन्हातही बऱ्यापैकी तग धरते. मग माणूस म्हणतो, अजून एचएफ भरू. पन्नास टक्क्यांचे पंचाहत्तर होतात, मग साडेसत्याऐंशी. सोलापूरचा मे महिना चाळिशी ओलांडतो आणि गाय धापा टाकत उभी राहते.

उष्णता हे एक कारण. दुसरं गणितात आहे. पहिल्या पिढीत प्रत्येक जोडीतली एक प्रत देशी आणि एक विदेशी असते. एकीचा दोष दुसरी झाकते, म्हणून जोम पूर्ण. ही पहिली पिढी पुन्हा एचएफला दिली किंवा आपसांत जुळवली, तरी अशा मिश्र जोड्या निम्म्याच राहतात आणि जोमही निम्म्यावर येतो. आपसांतल्या जुळणीने वासरांत सारखेपणाही राहत नाही, एक आजीवर जातं, एक आजोबावर. दुसऱ्या पिढीत दूध उतरलं म्हणून कांडी भरणाऱ्याला दोष दिला जातो, पण ही घसरण आधीच ठरलेली असते.

एकच जनुक हवं असेल तर संकराचा उपयोग जास्त नेमका करता येतो. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने, म्हणजे नारीने, ते करून दाखवलं. दख्खनी मेंढीला बहुधा एकच कोकरू होतं. सुंदरबनातली गारोळ मेंढी अंगाने अगदी लहान, पण तिला जुळी-तिळी होतात, आणि त्यामागे मुख्यतः एकच जनुकबदल आहे. 1792-93 मध्ये कलकत्त्याहून ऑस्ट्रेलियात गेलेल्या बंगाली मेंढ्यांतूनच तो तिथल्या बुरूला मेरिनो मेंढ्यांत उतरला असावा असं मानलं जातं. त्यामुळे त्याचं बुरूला हे नाव ऑस्ट्रेलियातल्या एका फार्मवरून पडलं, मूळ मात्र बंगालचं. नारीने गारोळशी संकर केला, मग पिढ्यानपिढ्या मोठ्या अंगाच्या मेंढ्यांकडे परत नेत दर वेळी तो बदल असलेलीच कोकरं पुढे ठेवली. त्यातून नारी सुवर्णा मेंढी तयार झाली. 2001 मध्ये बदलाची नेमकी जागा कळल्यावर हे काम रक्ततपासणीने सोपं झालं. मेंढा स्वतः वीत नाही, त्यामुळे त्याच्याकडे हा बदल आहे की नाही हे नजरेला कधीच कळलं नसतं. दोन प्रती असलेला मेंढा धनगराच्या साध्या कळपात सोडला की त्याच्या प्रत्येक मुलीला एक प्रत मिळते, आणि एक प्रत पुरेशी असते. दोन झाल्या तर तिळं होऊ लागतात आणि माळावरच्या चाऱ्यावर तीन कोकरांना पुरेल एवढं दूध मेंढीला येत नाही.

खिल्लारचं पुढे काय

ट्रॅक्टर आल्यापासून खिल्लार बैलाचं काम गेलं. काम गेलं की खोंड ठेवण्याचं कारण जातं आणि वळूंची संख्या घटते. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यती बंद केल्या, डिसेंबर 2021 मध्ये महाराष्ट्राला परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा मान्य केला. शर्यतीमुळे खिल्लार खोंडाला पुन्हा भाव आला, हे मान्य करायला हवं. पण पळणाऱ्या दोन-चार नामांकित वळूंकडेच सगळे धाव घेऊ लागले, तर गाई कितीही असोत, परिणामकारक संख्या त्या दोन-चार वळूंवरच ठरणार. शिवाय निवड पळण्याची होतेय. दूध, चाऱ्यावर भागवण्याची ताकद, गाईची नियमित गाभण राहण्याची सवय यांकडे कुणी बघत नाही, आणि न बघितलेले गुण जागच्या जागी टिकतील याची हमी नसते.

जागतिक अन्न व कृषी संघटना परिणामकारक संख्या निदान 50 असावी असं सुचवते. तेवढी असली की नात्यातल्या जुळणीचं प्रमाण पिढीला एक टक्क्यानेच वाढतं. चार गावांत मिळून 400 गाई आणि प्रत्येक गावात एक वळू असेल तर आकडा 16 च्या आत राहतो. 50 गाठायला त्याच 400 गाईंना 13 वळू लागतात, आणि तेही एकमेकांच्या नात्यातले नकोत.

तेरा वळू पोसणं चार गावांना परवडणार नाही. त्यातले काही कांडीतून येऊ शकतात, मात्र दर वेळी त्याच नंबरची कांडी मागायची नाही. उरलेले फिरवता येतात. खिल्लार कालवड माजावर यायला साधारण अडीच-तीन वर्षं लागतात. त्याआधी वळू पुढच्या गावाला द्यायचा आणि मागच्या गावाचा आपल्याकडे घ्यायचा, म्हणजे बाप-लेकीची गाठ पडत नाही. फिरत फिरत तो पहिल्या गावात पोचेपर्यंत दहा-बारा वर्षं झालेली असतात. तेव्हा तिथे त्याच्या मुलींच्या मुली माजावर असतात, म्हणून चौथ्या गावातच त्याला पैदाशीतून काढायचं. यासाठी प्रत्येक वासराच्या कानातल्या बारा आकडी बिल्ल्यासमोर आई-बापाचे नंबर लिहिलेले असावे लागतात, आणि ते वासरू जन्मलं त्याच आठवड्यात लिहावे लागतात. वर्षभराने कुणालाही खात्रीने आठवत नाही.